हिरव्या दिव्यावर विसंबू नका

महोदय,

‘पार्टीला जाताना खिशात ब्रेथ ॲनालायझर ठेवा’ असा सल्ला देणारा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. हेतू चांगला आहे. पण फुंकर मारून दारूचे प्रमाण मोजणाऱ्या त्या यंत्रावरचा हिरवा दिवा म्हणजे गाडी चालवण्याचा परवाना नव्हे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा आहे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, म्हणजे पडद्यावर ०.०३. परदेशी बनावटीची काही यंत्रे ०.०५ किंवा ०.०८ ला इशारा देतात. ०.०४ ला ती गप्प बसतात आणि नाक्यावर चालक सापडतो.

खरी गोची वेळेची आहे. शेवटच्या घोटानंतर लगेच फुंकले, तर तोंडातल्या दारूमुळे आकडा फुगतो; पंधरा-वीस मिनिटे थांबावेच लागते. तरीही पुढचे कळत नाही. रिकाम्या पोटी रक्तातले प्रमाण साधारण अर्ध्या ते एक तासात शिखर गाठते, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर भरपेट जेवण झाले असेल तर आणखी उशिरा. पन्हाळ्यावर ०.०२ दाखवणारा माणूस वळणे उतरून वाघबीळला येईपर्यंत ०.०३ ओलांडू शकतो. उतार मात्र संथ, तासाला जेमतेम ०.०१५. रात्री बाराला ०.१५ असलेला सकाळी सहालाही ०.०६ वर असतो, मग कितीही कॉफी पिवो.

स्वस्त यंत्रांतला सेमीकंडक्टर सेन्सर कालांतराने भरकटतो. फ्युएल सेल प्रकारच्या सेन्सरचे यंत्र बरे, पण तेही वर्षातून एकदा तरी कॅलिब्रेट करावे, म्हणजे आकडा बरोबर येतो का हे ताडून जुळवून घ्यावे लागते. घरात घेऊन ठेवलेले किती जण ते करतात?

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर