बुलेटच्या इंजिनाचे काम न करताच बिल लावल्याबद्दल तक्रार

कराड,
दि. 8 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जुन्या मोटारसायकली विक्री व रिस्टोरेशन विभाग, पुणे

विषय: 1994 मॉडेल बुलेट 350, इंजिनाच्या कामाचे पैसे व काढलेले मूळ पार्ट परत मिळण्याबाबत

महोदय,

मार्चमध्ये मी तुमच्याकडून वरील बुलेट घेतली. गाडीचे 1,20,000 आणि रिस्टोरेशनचे 86,000 रुपये ठरले. त्या 86,000 मधले 38,500 निव्वळ इंजिनाचे आहेत. चार महिने थांबल्यावर 14 जुलैला गाडी ताब्यात मिळाली. आरसी नावावर झाली, रंगही चांगला दिला आहे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

गाडी देताना तुमच्या सुपरवायझरनी बजावले होते की पहिले 500 किलोमीटर पन्नासच्या वर जायचे नाही. मी पंचेचाळीसच्या वर गेलो नाही. 500 पूर्ण होताच ऑइल बदलले. त्यानंतर पत्नीला घेऊन गुहागरला गेलो आणि 24 ऑगस्टला परत येताना कुंभार्ली घाटात गाडीने दगा दिला. पोफळी सोडून चढ लागला तसे दुसऱ्या गिअरलाही इंजिन ओढेना. खालून ठकठक सुरू झाली, मागे निळा धूर. थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) काढली तर तिच्या टोकाला जेमतेम ऑइल लागले होते. भर पावसात, वळणावर, ट्रकची ये-जा चालू असताना आम्ही दोघे दोन तास उभे होतो. शेवटी छोटा हत्ती बोलावून गाडी कराडला आणली, त्याचे 4,500 रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘साहेब, जुनी गाडी आहे, आवाज येणारच.’’ हे उत्तर मला मान्य नाही. कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट आमच्या घरात पंधरा वर्षे होती, तिचे आवाज मला कळतात. टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) टिकटिक वरून येते आणि तिने कुणाचे काही बिघडत नाही. बिग एंडची (पिस्टनच्या रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगची) ठकठक खालून येते आणि इंजिनावर जोर आला की वाढते. मी दुसऱ्या आवाजाबद्दल बोलत होतो, तुमच्या माणसाने पूर्ण ऐकूनसुद्धा घेतले नाही.

31 ऑगस्टला आमच्या इथल्या मिस्त्रींनी माझ्यासमोर इंजिन खोलले. तुमच्या बिलात लिहिले आहे: सिलिंडर बोअर (आतून कापून मोठा करणे), नवीन ओव्हरसाइझ (त्या मोठ्या मापाचा) पिस्टन व रिंगा, क्रँक उघडून नवीन कनेक्टिंग रॉड आणि बिग एंड. प्रत्यक्षात काय निघाले ते सांगतो. सिलिंडरच्या वरच्या टोकाला, जिथे रिंग पोहोचत नाही, तिथे झिजेची कड तशीच आहे. बोट आतून वर सरकवले की नख तिला अडते. बोअर मारल्यावर ही कड राहतच नाही. होनिंगच्या, म्हणजे बोअरनंतर आतून घासल्याच्या, तिरक्या रेघा इतक्या कमी किलोमीटरमध्ये पुसल्या जात नाहीत, इथे एकही रेघ नाही. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन थोडा खरवडून पाहिला, ओव्हरसाइझचा आकडाच नाही. रॉड हाताने धरून वर-खाली केला तर स्पष्ट खेळतो. आडवी थोडी हालचाल असते, उभी असता कामा नये, हे तुमच्या कारागिरांना मी सांगायला नको.

पार्ट मिळाले नाहीत, असेही म्हणता येणार नाही. या इंजिनाचे पिस्टन आणि रॉड पुण्याच्या नाना पेठेत आजही मिळतात. तुम्ही मला आधी सांगितले असते, तर मीच आणून दिले असते.

मे महिन्यात मी ईमेलवर विनंती केली होती की काढलेला प्रत्येक मूळ पार्ट मला परत हवा. मूळचा मिकार्ब कंपनीचा कार्ब्युरेटर आणि अँपिअर मीटर जाऊन त्या जागी दुसरे आले आहेत. विचारल्यावर ‘स्क्रॅपमध्ये टाकले’ म्हणून सांगण्यात आले. ते माझ्या मालकीचे होते. आणि रॉड खरोखर बदलला असेल तर जुना रॉड दाखवा.

ही गाडी मी शोभेसाठी घेतलेली नाही. चातुर्मास संपला की आम्हा दोघांना ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला निघायचे आहे. नर्मदा 1,312 किलोमीटर लांब आहे, तिचे दोन्ही काठ धरून जायचे म्हणजे अंतर किती होते ते तुम्हीच मोजा. निवृत्तीच्या पैशातून ही रक्कम मी एवढ्यासाठीच बाजूला काढली होती. घाटात पत्नी छत्री धरून गप्प उभी होती, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तुमच्याच बिलावर इंजिनाच्या कामाला 6 महिने किंवा 5,000 किलोमीटरची वॉरंटी आहे. तरी इंजिनाचे 38,500 रुपये आणि वाहतुकीचे 4,500 रुपये हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत परत करावेत. तुमच्याकडून पुन्हा काम करून घेण्याची माझी इच्छा नाही. कार्ब्युरेटर आणि अँपिअर मीटर शोधून द्यावेत, भंगारवाल्याकडे गेले असतील तर तिथून आणावेत. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, त्यामुळे ती साताऱ्यातच होईल.

बिल, ईमेल आणि इंजिन खोलतानाचे फोटो सोबत जोडले आहेत. सिलिंडर आणि पिस्टन मिस्त्रींकडे तसेच ठेवलेले आहेत, पुसलेलेसुद्धा नाहीत. तुमच्या माणसाने केव्हाही येऊन पाहावेत.

आपला,
(सही)