युरियाची गोणी इतक्यात सुटणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रातल्या एका शैवालाच्या पेशीत हवेतला नत्र बांधणारं, म्हणजे त्याचं खतासारखं वापरता येणारं रूप करणारं, नवं अंगक (पेशीच्या आतला काम करणारा भाग) सापडल्याची माहिती आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. असल्या विषयाला आपण अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आधी आभार. पण लवकरच गहू-भाताला युरिया लागणार नाही, असं मथळ्यात आणि शेवटच्या परिच्छेदात सुचवलंय, त्याबद्दल लिहिणं भाग आहे. माझं पलूसला खत-बियाणांचं दुकान आहे. सोमवारपासून लोक ते कात्रण खिशात घालून येताहेत. एकानं तर उसाच्या भरणीचा डोस यंदा थांबवू का, असंच विचारलं. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं म्हणून मला काहीतरी उत्तर देता आलं.

शोध मोठाच आहे. १९९८ साली कॅलिफोर्नियातले जोनाथन झेर यांना पॅसिफिकच्या पाण्यात नत्र बांधणाऱ्या एका जिवाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा मिळाला. तो जिवाणू राहतो कुठं, हे कळायला पुढं कितीतरी वर्षं गेली. जपानमध्ये कोची विद्यापीठाच्या क्योको हागिनो यांनी त्याला पोटात बाळगणारं शैवाल प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी दहा वर्षांहून जास्त काळ घातला. ते वाढलं, तेव्हा कुठं २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात सांगता आलं की हा आता पाहुणा जिवाणू राहिलेला नाही, पेशीचं अंगक झालाय.

हे ठरवलं कशावरून, तो भाग आपल्या लेखात दोन ओळींत उरकलाय, आणि सगळी मेख तिथंच आहे. सोयाबीनचं रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडली की आत गुलाबी दिसतं. त्या गाठीत रायझोबियम हा नत्र बांधणारा जिवाणू काम करत असतो. पण तो सोयाबीनच्या बियातून पुढच्या पिढीत जात नाही, दर हंगामात जमिनीतून नव्यानं मुळात शिरावा लागतो. म्हणून तर मी दरवर्षी त्याची पाकिटं विकू शकतो! समुद्रातल्या त्या शैवालाचं तसं नाही. पेशी दुभंगायच्या आधी नायट्रोप्लास्ट (या नव्या अंगकाचं नाव) दुभंगतो आणि दोन्ही लेकींच्या वाट्याला एकेक येतो. शिवाय त्याला लागणारी बरीच प्रथिनं आता शैवालाच्या जनुकांवरून बनतात, आणि आत कुणाला घ्यायचं हे कळावं म्हणून त्या प्रथिनांना खुणेचं शेपूट जोडलेलं असतं. त्याची स्वतःची कार्बन बांधायची यंत्रणा गेली, प्रकाशसंश्लेषणातला ऑक्सिजन सोडणारा भागही गेला. हे दुसरं गमावणं त्याच्या पथ्यावरच पडलं, कारण नत्र बांधणारं विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ऑक्सिजन लागला की निकामी होतं. आतला ऑक्सिजन बंद झाल्यामुळं तो भर दुपारीही नत्र बांधू शकतो.

पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका आणि पानाला हिरवं करणारे हरितलवक याच वाटेनं आले, म्हणजे आधी स्वतंत्र जिवाणू होते, मग पेशीचे भाग झाले. तंतुकणिका जवळपास दोनशे कोटी वर्षांपूर्वी आणि हरितलवक त्यानंतर. हरितलवकांबद्दल ही कल्पना रशियाच्या मेरेझकोव्स्की यांनी १९०५ मध्येच मांडली होती. १९६७ साली लिन मार्ग्युलिस यांनी ती नव्यानं मांडली, तेव्हाही त्यांचा लेख डझनाहून जास्त नियतकालिकांनी परत पाठवला होता.

याचा पुरावा आमच्याकडं डाळिंबाच्या बागेत दिसतो. तेल्या या जिवाणूंमुळं होणाऱ्या रोगासाठी लोक स्ट्रेप्टोमायसिनची पावडर फवारत आले. कुणी हात सैल सोडून मात्रा वाढवली की पानं कडेनं पिवळी पडतात. जिवाणूंवरचं औषध झाडाला का बाधावं? तर हे औषध जिवाणूंच्या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमवर बसतं, आणि हरितलवकातले रायबोसोम अजून जिवाणूच्याच धाटणीचे आहेत. पानातला हिरवा रंग एकेकाळी स्वतंत्र जगणारा जीव होता, हे शेतकऱ्याला सांगायला मला सूक्ष्मदर्शक लागत नाही. ते पिवळं पान पुरतं.

आता गव्हाचं. भाताच्या हरितलवकाच्या डीएनएत १,३४,५२५ अक्षरं आहेत आणि जनुकं शंभराच्या आसपास. हरितलवक ज्या कुळातून आले, त्या मोकळ्यानं जगणाऱ्या नीलहरित जिवाणूत जनुकं हजारांनी असतात. मधली काही कायमची गेली, काही वनस्पतीच्या केंद्रकात जाऊन बसली. नायट्रोप्लास्टचा हा व्यवहार सुरू होऊन सुमारे दहा कोटी वर्षं झाली, तरी त्याच्याजवळ अजून १४ लाख अक्षरं शिल्लक आहेत, म्हणजे तोही पुरता रुळलेला नाही. तो उचलून गव्हाच्या पेशीत ठेवला, तर त्याला प्रथिनं कोण पुरवणार? ती खुणेची शेपटं गव्हाला कुठं ठाऊक आहेत? वर नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, सोळा रेणू खर्ची पडतात. हा खर्च कणसातून वजा होणार, ते वेगळंच.

स्पेनमधल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. नत्र बांधणाऱ्या विकराचा एक भाग त्यांनी यीस्टच्या तंतुकणिकेत चालता ठेवून दाखवला. तंतुकणिका ऑक्सिजन वापरून टाकते, म्हणून जागा अगदी हुशारीनं निवडलेली. ते २०१६ साली. पण विकराचा तो एकच भाग होता, आणि तोही यीस्टमध्ये. मला या कामाचं फार कौतुक आहे, आणि म्हणूनच त्याला घाईचा मथळा लागला की राग येतो. गावाकडं छापील शब्दाला अजून वजन आहे.

आपल्या वाचकाला यंदाच युरिया थोडा कमी करायचा असेल, तर पुढच्या रविवारी एक छोटी चौकट द्यावी, ही विनंती. सोयाबीनच्या दर १० किलो बियाण्याला रायझोबियमचं २५० ग्रॅमचं एक पाकीट चोळावं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी आणि जिवाणू खत सगळ्यात शेवटी. बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरावं. लोक पाकीट गाडीच्या डिकीत टाकून दिवसभर उन्हात फिरवतात आणि मग जिवाणू खताचा गुण येत नाही म्हणून दुकानात भांडायला येतात. आतले जिवाणू उन्हानं तिथंच मेलेले असतात, हेही त्या चौकटीत लिहा. पेरण्या सुरू व्हायच्या आत छापलंत तर बरं होईल.

आपला,
एक खत-बियाणे विक्रेता,
पलूस, जि. सांगली