वर्तुळाकार मेट्रोचे तिकीट कसे मोजायचे?

संपादक महोदय,

इंदूर मेट्रोला सरसकट एकच तिकीट असावे, असा सूर हल्ली ऐकू येतो. सोय मोठी आहे, हे खरे. मेक्सिको सिटीच्या मेट्रोत 2013 पासून कितीही अंतराला 5 पेसो पडतात. कार्ड फक्त आत शिरताना लावायचे. बाहेर पडताना हिशेबच नाही. अंतरानुसार भाडे घ्यायचे तर दोन्हीकडे कार्ड लागते. गाडी रिकामी झाली की रांग नेमकी बाहेरच्या फाटकावर लागते. क्यूआर तिकिटावरच्या स्थानकाच्या पुढे जाऊन उतरलात तर फाटक उघडत नाही, खिडकीवर फरक भरावा लागतो.

तरीही सरसकट भाडे आपल्याकडे चुकीचे ठरेल. दोन स्थानके जाणाऱ्याला ते महाग पडते आणि तो सरळ ई-रिक्षात बसतो. लांबच्या प्रवाशाचा भार त्याने का उचलावा?

शिवाय आपली पिवळी मार्गिका पूर्ण झाली की सुमारे 31 किलोमीटरचे वर्तुळ होईल. प्रवासी कुठल्या बाजूने आला हे फाटकाला कळत नाही, म्हणून भाडे जवळच्या वाटेनेच धरावे लागेल. टोकियोच्या यामानोते या वर्तुळाकार रेल्वेमार्गावरही तसेच आहे. मग सर्वांत लांबचे अंतर साडेपंधरा किलोमीटरच्या आसपास भरते. दिल्लीसारखा 32 किलोमीटरपलीकडचा भाड्याचा टप्पा इथे नकोच. चार टप्पे पुरेत, पहिला 2 किलोमीटरचा. वर्तुळ फिरून त्याच स्थानकावर उतरणाऱ्यासाठी मात्र वेळेची मर्यादा आधीच ठरवावी.

— एक वाचक, इंदूर