शाळेत नाव घातलं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी आपल्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी निधन वार्ता आली होती, निवृत्त परिचारिका, पश्चात बहीण, भाचे, नातवंडं असा परिवार वगैरे. ती माझी मावशी. बातमीत चुकीचं काही नाही, तेवढ्या जागेत तेवढंच मावतं. पण नंतर घरी भेटायला जी माणसं येत होती त्यातलं कुणी इंजेक्शनचं बोलत नव्हतं, बाळंतपणाचंही फार नाही, सगळे शाळेचंच सांगत होते. सिस्टरमुळे माझं नाव शाळेत पडलं, सिस्टर नसत्या तर माझी सातवीतच सुटली असती, असं. शेजारच्या एका काकांना काही कळेना, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, अगं मावशी नर्स होती ना, मग ही शिक्षिका कधी झाली? म्हणून हे पत्र. तिला पेपरात नाव यायची कधीच हौस नव्हती त्यामुळे नाव लिहीत नाही.

मावशी एएनएम होती, म्हणजे गावात बाळंतपण, लसीकरण बघणारी सहाय्यक परिचारिका. दहावीनंतर दीड वर्षाचा कोर्स केला आणि थेट आरोग्य उपकेंद्रात, ते रिटायर होईपर्यंत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सरकारी हिशोबाने सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असतं, आणि तिथल्या सिस्टरकडे रजिस्टरांची चळत असते. गरोदर माता, जन्म, लसीकरण, पात्र जोडपी, सगळ्याचं वेगळं रजिस्टर. बहुतेकांना हे रजिस्टर भरणं म्हणजे डोक्याला ताप वाटतो (आणि तो असतोच), पण मावशीला त्यात एक गोष्ट दिसली जी शाळेतल्या गुरुजींना दिसत नव्हती. गुरुजींच्या हजेरीपटावर कोण, तर जे शाळेत आलं ते. जे आलंच नाही ते पोर त्यांच्या कागदावर कुठून असणार? ते मावशीच्या कागदावर होतं, जन्मतारखेसकट.

मुलांना पाच वर्षं झाल्यावर एक डोस असतो, आता तो डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) बूस्टर असतो. तो द्यायला आई पोराला घेऊन आली की मावशी सिरिंज भरता भरता विचारायची, शाळेत नाव घातलं का? सगळं शिक्षणकार्य म्हणा हवं तर, या एका प्रश्नातून सुरू झालं. आई म्हणायची, अजून लहान आहे, पुढच्या वर्षी बघू. मावशी वाद नाही घालायची. स्वतःची एक जाड वही होती, सरकारी रजिस्टर नव्हे, स्वतःच्या पैशाने आणलेली, त्यात नाव, आईचं नाव, वस्ती आणि समोर 'पुढच्या वर्षी' असं लिहून ठेवायची आणि खरंच पुढच्या वर्षी त्या दारात जाऊन उभी राहायची. एप्रिल-मे आला की तिचं हेच सुरू, लसीकरणाला फिरायचंच असायचं, वही पिशवीत. लोक वैतागायचे. आमच्या घरातलेही वैतागायचे, कारण सुट्टीत आम्ही तिच्याकडे राहायला गेलो की आम्हालाही सोबत घ्यायची आणि उन्हात वही धरून मागे मागे चालायला लावायची.

वहीत एक गंमत होती. १ जून ही तारीख दिसली की ती शेजारी फुली मारायची. आपल्याकडे किती लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो हे आपण बघतोच, शाळेत नाव घालताना तारीख कुणाला माहीत नसायची मग गुरुजी अंदाजाने १ जून टाकून द्यायचे. मावशीची स्वतःची जन्मतारीखसुद्धा १ जूनच! त्या हिशोबाने ती ३१ मे ला रिटायर झाली, आणि आजी शेवटपर्यंत सांगायची की ही झाली तेव्हा थंडी होती, म्हणजे किती महिन्यांचा फरक पडला कोण जाणे. आपल्याला कुणीतरी अंदाजाने कागदावर मांडलं याचा तिला राग होता, आणि मला वाटतं जन्मतारखेच्या बाबतीत ती जी इतकी काटेकोर होती ती त्यामुळेच. बाळंतपण झालं की आधी बाळाचं वजन, लगेच तारीख-वेळ, आणि मग बापाच्या मागे लागायची की ग्रामपंचायतीत नोंद कर, आजच कर.

पण मला खरं सांगायचंय ते मुलींबद्दल. पहिलीत नाव घालणं त्या मानाने सोपं होतं, मावशी म्हणायची गळती सुरू होते ती जोडावर. गावात चौथीपर्यंत शाळा असायची, पाचवीला दुसऱ्या गावात, सातवी झाली की हायस्कूल आणखी लांब. प्रत्येक जोडावर काही मुली गळणार. त्यांचं पुढे काय झालं हे शाळेला कळायचं नाही, दाखला नेला की विषय संपला, नेला नाही तरी काही दिवसांनी नाव कमी होतंच. मावशीला मात्र कळायचं, कारण पात्र जोडप्यांचं रजिस्टर तिच्याकडे. लग्न झालेली, मूल होण्याच्या वयातली प्रत्येक बाई त्यात येते. ती माझ्या आईला एकदा म्हणालेली मी ऐकलंय, "सातवीत हजेरीपटावरनं नाव गेलं की ती पोरगी दोन-तीन वर्षांनी माझ्या रजिस्टरला येते बघ, आणि वय सांगताना सासू म्हणते अठरा पूर्ण." आता ही तारीख मावशीनेच लिहिलेली असायची जन्माच्या वेळी, तिला काय सांगणार अठरा पूर्ण! कायदा २००६ चा आहे बालविवाहाचा, त्याच्या आधीही होताच, पण नर्सने भांडण काढलं तर पुढच्या वेळी ती पोर तपासणीलाच यायची नाही, घरी बाळंत व्हायची, जिवावर बेतायचं. म्हणजे बोलायचंही आणि दार बंद होऊ द्यायचं नाही. हा पेच तिला आयुष्यभर पुरला. म्हणून ती म्हणायची की माझं खरं काम सातवीच्या निकालाच्या दिवशी असतं, लग्नाच्या दिवशी गेलं तर काय फायदा.

तर त्या निकालाच्या दिवशी ती शाळेत जायची. पहिला नंबर कुणाचा याच्याशी तिला काही घेणंदेणं नसायचं (माझ्या मार्कांबद्दलही तिने कधी विचारलं नाही, लहानपणी मला फार लागायचं ते), ती फक्त विचारायची आठवीला कोण कोण जाणार, आणि ज्या मुली खाली बघायच्या त्यांची नावं वहीत. मग संध्याकाळी त्यांच्या घरी. एका वस्तीवरच्या मुलींचं मला चांगलं आठवतंय कारण मी सोबत होते. वडील म्हणाले, सिस्टर, पैशाचा प्रश्न नाहीये, एसटीचा पास फुकट आहे पोरींना, अहिल्याबाई होळकर योजनेत, मला माहितीये. पण शाळा सुटते पाचला आणि गाडी येते सातला, हिवाळ्यात सातला अंधार गुडूप, फाट्यावर दोन तास पोरी उभ्या, कुणाच्या भरवशावर? मावशी गप्प बसली. मला वाटलं आता लेक्चर देणार, सावित्रीबाई वगैरे सांगणार. तर तिने विचारलं, गाडी सव्वापाचला आली तर पाठवाल? ते म्हणाले, आली तर पाठवू की. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि सहीसारखं त्यांचं नाव खाली घातलं, त्यांना दाखवून.

मग सुरू झालं अर्जांचं. डेपोत अर्ज, ग्रामपंचायतीचा ठराव, हायस्कूलच्या हेडमास्तरांचं पत्र, परत डेपोत. तिथे सांगितलं की त्या रूटला उत्पन्न नाही. ही म्हणे, उत्पन्न तुमचं कसं वाढेल ते मला माहीत नाही, पण किती पोरी बसतील ते मी लिहून देते, वस्तीनुसार, नावानुसार. आणि दिलं! एवढी पक्की यादी कुणी दिली नसेल त्यांना. लगेच काही झालं नाही, एक अख्खं वर्ष गेलं त्यात, आणि त्या वर्षीच्या मुली गेल्याच हातातून, त्याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटायचं. पण पुढच्या जूनपासून गाडीची वेळ बदलली. भेटायला आलेल्यांपैकी दोघी त्या गाडीच्या होत्या, एक आता अंगणवाडी सेविका आहे, एक बँकेत. बँकवाली म्हणाली की मी पहिल्यांदा मावशींना भेटले ती त्यांच्याच हाताने जन्मले तेव्हा, मग डोस, मग आठवीचं अॅडमिशन. हसत होती सांगताना.

सावित्रीबाईंचा फोटो मावशीच्या उपकेंद्रात होता, पण तो लावायचं तिचं कारण वेगळं होतं. १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा सगळे सांगतात, मावशी सांगायची १८९७ चं. पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला गेल्या. म्हणजे आमच्याच खात्याच्या की, असं ती म्हणायची. शाहू महाराजांचा तर तिला हेवा वाटायचा, १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मला असा दंड लावायचा अधिकार दिला असता तर दोन वर्षांत काम संपवलं असतं, असं तोऱ्यात बोलायची. मला नाही पटायचं हे, दंड गरिबाला बसतो, आम्ही भांडायचो यावर. पण बालशिक्षणात काम करणाऱ्या अनुताई वाघांनी आणि ताराबाई मोडकांनी कोसबाडच्या आदिवासी भागात पोरं गुरं चारायला जातात तिथेच शाळा नेली, कुरणशाळा, ते तिला दंडापेक्षाही आवडायचं हे मी बघितलंय. कारण ती स्वतः तेच करत होती, फक्त खडू-फळ्याऐवजी लसीचा डबा घेऊन.

आता मुद्द्याचं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. आणि नियमांमध्ये जन्मदाखला नसेल तर काय चालेल त्याची यादी आहे, त्यात दवाखान्याची किंवा एएनएमच्या रजिस्टरची नोंद, अंगणवाडीची नोंद, आणि तेही नसेल तर आईबापाचं स्वतःचं लेखी निवेदन. हे वाचून मावशीला काय आनंद झाला होता! ज्या रजिस्टरवर ती इतकी वर्षं शाळेसाठी भांडत होती ते सरकारने पुरावा म्हणून मानलं. तरी अजूनही कित्येक पालक नुसतं 'आधार आणा, दाखला आणा' ऐकून गेटवरून परत जातात आणि त्यांना हे कलम कुणी सांगत नाही. दुसऱ्या शाळेतून दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, तेही त्याच कायद्यात आहे. कामासाठी गाव सोडून जाणाऱ्यांची पोरं यातच सगळ्यात जास्त अडकतात.

आणि पुढचं आणखी महत्त्वाचं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ मध्ये बदल झाला, १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना शाळा-कॉलेजच्या प्रवेशापासून सगळीकडे जन्मदाखला हाच मुख्य कागद राहणार. ती मुलं २०२९ च्या आगेमागे पहिलीत येतील. जन्माची नोंद २१ दिवसांत केली तर काहीच त्रास नाही, वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं, आणि रोजंदारीवर जाणारा माणूस त्या चकरा कुठून मारणार. म्हणजे शाळेत नाव घालायचं काम आता बाळ जन्मल्याबरोबर सुरू होतं, सहाव्या वर्षी नाही. हे मावशी तीसेक वर्षांपूर्वीपासून ओरडत होती, तेव्हा सगळ्यांना ती भांडखोर वाटायची.

माझं म्हणणं आरोग्य खात्याला एवढंच आहे की पाच वर्षांच्या डोसच्या वेळी हा एक प्रश्न विचारायचा आणि ज्यांचं नाव नाही त्यांची यादी जवळच्या शाळेला द्यायची, याची अधिकृत पद्धत करा. सिस्टर आणि आशा सेविकांवर आधीच कामाचा डोंगर आहे हे मला माहीत आहे, आणखी एक रजिस्टर तर मुळीच नको, आहे त्याच रजिस्टरला एक रकाना वाढवा. मावशीच्या वह्या आमच्याकडे आहेत, तिच्या जागी आलेल्या सिस्टर मागून घेऊन गेल्यात शेवटच्या दोन, त्यातली काही पोरं अजून शाळेच्या वयाची आहेत म्हणाल्या.

आणि आपल्याला विनंती, दरवर्षी मे महिन्यात प्रवेशाच्या बातम्या देता, कटऑफ, फी, कोणतं बोर्ड चांगलं वगैरे, तेव्हा पहिल्या पानावर एक चौकट द्या, वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश मिळतो, दवाखान्याची, सिस्टरची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, काहीच नसेल तर पालकांनी लिहून दिलेलं चालतं, कलम १४. टाईप जरा मोठा ठेवा, आईबाप कामावर असतात आणि बऱ्याच घरांतून पोराचं नाव घालायला आजी-आजोबाच जातात.

आपली,
त्यांची भाची