घर पाडायच्या आधी जरा कळवा की

मा. संपादक, सा. न. वि. वि.

मी नोकरदार माणूस, पण रविवारी सकाळी सातला घडीचं स्टूल, क्लिपबोर्ड आणि फोर बी पेन्सिल घेऊन कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठ, बुधवार पेठ, ब्रह्मपुरीच्या बाजूला स्केचिंगला जातो, गेली बरीच वर्षं. नऊ वाजले की ऊन डोक्यावर यायला लागतं, भिंतीवरच्या सावल्या आखडतात आणि चित्रातली मजा जाते, म्हणून दोनच तास.

आधी लोकं चहा आणून द्यायची. आता पहिला प्रश्न काय तर, "काका, कार्पोरेशनचं मोजमाप हाय का?" एक वहिनी तर पार घाबरून बाहेर आल्या, रुंदीकरणात आमचा कट्टा जातोय का म्हणून. वही दाखवली तेव्हा कुठं हसल्या. त्यांची तरी काय चूक, हातात बोर्ड घेऊन घराकडं टक लावून बघणारा माणूस हल्ली एकतर सर्व्हेवाला नाहीतर बिल्डरचा.

मागच्या महिन्यात असंच एक घर काढत होतो. पांढऱ्या मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, वरचा लाकडी सज्जा एका बाजूला कललेला, त्यावर वाळत घातलेली गोधडी. आतनं आजी आल्या, बराच वेळ मागं उभ्या राहून बघितलं आणि म्हणाल्या, "हितं शेवगा हुता, तो काढ की." आता शेवगा तोडून किती वर्षं झाली असतील कोण जाणे. आमच्या सरांनी शिकवलंय की डोळ्याला दिसतंय तेवढंच काढायचं, पण आजी हातानं उंची दाखवायला लागल्या, फांदी सज्ज्यावर कशी टेकायची ते सांगायला लागल्या, मग काढला. रंग भरायला तीन आठवड्यांनी परत गेलो तर समोर निळे पत्रे ठोकलेले आणि आत जेसीबी.

कोल्हापूरला कलापूर म्हणायचं आणि छाती फुगवायची, ते ठीकाय. चित्रकार आबालाल रहमान १९३१ साली गेले, पण कोटीतीर्थ तलाव तेव्हा कसा दिसायचा ते त्यांच्या चित्रांत बघायला मिळतंय. आपल्या पेठांचं असं कोण काढून ठेवणार? मी काही आबालाल नव्हे, उगीच कुणी हसू नये. पण ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री मी वह्या उलटून पालटून बघितल्या, बाहेरची दगडी बाजू चार वेळा काढलेली आणि आतलं एकही पान नाही. कधीपण काढू म्हणून राहून गेलं.

नवीन घरं बांधू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. महापुराचं पाणी ज्यांच्या मातीच्या भिंतीत मुरलंय त्यांना जुनं जपा म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि मी स्वतः फ्लॅटमध्ये राहतो. फक्त घर उतरवायच्या आधी आठ दिवस गल्लीतल्या तालमीच्या फळ्यावर खडूनं दोन ओळी लिहा, अमक्याचं घर अमक्या तारखेला. आम्ही चार-पाचजण आहोत, समोरच्या कट्ट्यावर बसून काढू आणि एक झेरॉक्स घरमालकाला देऊ, पैसे नकोत.

आणि त्या आजी कुठं राहायला गेल्यात कुणाला माहीत असेल तर सांगा, शेवग्याचं पान माझ्याकडंच आहे.

– एक वाचक, कोल्हापूर