फूटपाथ नक्की कोणाच्या नावावर आहे, मंत्रीसाहेब?

मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
साहेब, नमस्कार.

माझी आई ७४ वर्षांची. घरापासून भाजीवाल्यापर्यंत जेमतेम चारशे मीटर, तेवढ्यात तिला सात वेळा फूटपाथ उतरून परत चढावा लागतो, कारण दर सोसायटीच्या गेटपाशी तो तोडलाय. परवा टेप घेऊन मोजलं तर एका ठिकाणी पायरी ३१ सेंमी! रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या गाईडलाईन्समध्ये १५ च्या वर नको असं लिहिलंय. गुडघे गेलेली बाई काय करणार, सरळ रस्त्याच्या कडेने चालते आणि मागून बाईकवाला ओरडतो, "ओ आजी, फूटपाथ कशाला दिलाय?" (सिग्नलला जॅम झाला की तोच फूटपाथवर असतो.)

तक्रार केली. वॉर्डातले म्हणाले रस्त्याचं खातं वेगळं, ते म्हणाले फूटपाथवरची डीपी (विजेची पेटी) वीजवाल्यांची, पेव्हर ब्लॉक केबलवाल्यांनी उखडले, गाड्या लावतात ते पोलिसांचं काम. चार महिने झाले, अ‍ॅपवर 'निकाली' दिसतंय आणि फोटो भलत्याच रस्त्याचा.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८(१अ) आलं, पादचाऱ्यांसाठी नियम करायचा अधिकार राज्याला मिळाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की सहा महिन्यांत नियम करा. त्याच कायद्याच्या कलम १९८अ मध्ये रस्ता चुकीचा बांधला तर एक लाखापर्यंत दंड आहे, पण तो कधी, तर कोणी मेलं किंवा अपंग झालं तर! २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी गेले, म्हणजे दिवसाला नव्वद. अजून किती वाट बघायची?

माझं मागणं एकच. प्रत्येक फूटपाथला एक जबाबदार अधिकारी ठरवा, पद आणि फोन नंबर तिथेच पाटीवर लावा, खोदणाऱ्या प्रत्येकाने परवानगी त्याच्याकडूनच घ्यायची आणि मुदतीत जागा पूर्ववत नाही केली तर दंड त्या दोघांनाही, कोणी पडायच्या आधी. आणि हे करताना पथारीवाल्यांना हाकलू नका हां, आईची भाजी तिथलीच, त्यांना २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे जागा आखून द्या.

मागे एकदा पुण्यात मावशीकडे गेलो तेव्हा ११ डिसेंबरचा पादचारी दिन होता, लक्ष्मी रोडला गाड्या बंद. आई रस्त्याच्या मधोमध चालली आणि वर फोटो काढून घेतला!

एकदा या, टेप माझ्याकडे आहे, आई चहा टाकेल. फक्त गाडी फूटपाथवर लावू नका.

आपला,
एक पायी चालणारा