‘शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज’

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आग गोदामाला लागो, चाळीत लागो नाहीतर विसाव्या मजल्यावर, दुसऱ्या दिवशीच्या बातमीतलं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ एकट्या आपल्या पेपरला दोष देत नाही, सगळेच तसं छापतात. पण लालबागला जिन्याखालच्या सहा बाय चारच्या गाळ्यात मी चाळीस वर्षं रेडिओ, टीव्ही आणि शेवटी शेवटी मिक्सर-पंखेसुद्धा दुरुस्त केले. हे वाक्य आलं की माझा चहा तसाच राहतो आणि घरचे म्हणतात, झालं यांचं सुरू. म्हणून या वेळी तुम्हालाच लिहितोय.

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी सात-साडेसातला घरात मासळीचा वास यायला लागला. बायको म्हणाली, श्रावणी सोमवारी बांगडे तळणारं मजल्यावर कोण आहे बाई? दोन दिवस शेजाऱ्यांवर संशय घेऊन झाला. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की वास गिझर चालू असतानाच येतो. मग माझीच मला लाज वाटली. स्विच-सॉकेटचं प्लास्टिक तापून करपायला लागलं की पुष्कळदा असाच मासळीसारखा वास सुटतो. हे मी गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलेलं! मेन बंद करून सॉकेट उघडलं तर आतला स्क्रू जेमतेम अर्धा फेरा ढिला, तारेचं टोक काळंठिक्कर आणि प्लास्टिक गुळासारखं ओघळलेलं. टॉवर नवा, वायरिंग नवं, एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, चांगल्या कंपनीची. ती पडली नव्हती, आणि पडणारही नव्हती.

का, ते सांगतो. गिझर २००० वॉटचा. वॉटला घरातल्या २३० व्होल्टने भागलं की अँपिअर, म्हणजे करंटचं माप, मिळतं. इथे ८.७. ढिल्या जोडाने समजा करंटच्या वाटेतला अडथळा, म्हणजे रोध, अर्धा ओहम वाढवला, तर करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. मग एमसीबीने कशाला पडावं? पण त्या अर्ध्या ओहमवर ३५-३६ वॉट उष्णता तयार होत राहते. माझं सोल्डरिंग आयर्न ३५ वॉटचं होतं. त्याने कथील-शिसं पाण्यासारखं वितळायचं. तेच आयर्न भिंतीतल्या प्लास्टिकच्या डबीत रोज सकाळी अर्धा तास चालू ठेवलं तर काय होईल ते बघा. आमच्याकडे आग लागली असती तर तुम्ही काय छापलं असतं, हे मला पाठ आहे.

शॉर्टसर्किट म्हणजे करंट आणणारी फेजची तार आणि परत नेणारी न्यूट्रलची तार, या दोन्ही वाटेत कुठलंही उपकरण न येता थेट एकमेकींना भिडणं. वाटेत अडवणारं काही नसल्याने करंट क्षणात शेकडो अँपिअरवर जातो, ठप्प आवाज होतो, ठिणगी उडते आणि फ्यूज किंवा एमसीबी ठिकाणावर असेल तर तिथेच खेळ आटोपतो. नसेल तर मात्र आग लागते, हे मीही नाकारत नाही. आमच्या चाळीत चिनीमातीचे, आत बारीक तार बसवायचे किटकॅट फ्यूज होते. गणपतीच्या दिवसांत लायटिंगमुळे सारखे उडायचे. मग एखादा हुशार पोरगा त्यात तांब्याची जाड तार अडकवून मोकळा व्हायचा. ‘आता नाही जात बघा!’ खरंच जायचा नाही. फ्यूज जात नाही म्हणजे त्याच्याऐवजी भिंतीतली वायर जाणार, एवढाच त्याचा अर्थ.

ओव्हरलोड आणखी निराळं. त्यात कुठे काही चिकटलेलं नसतं. सहा अँपिअरचा एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर १००० वॉटची इस्त्री आणि १५०० वॉटची किटली. झाले जवळजवळ ११ अँपिअर. फुटपाथवरच्या स्वस्त बोर्डातली वायर आतून सुतळीपेक्षा बारीक. ती हळूहळू तापते, वरचं आवरण मऊ होतं आणि शेवटी दोन तारा एकमेकींना चिकटतात. म्हणजे शॉर्टसर्किट झालं खरं, पण सगळ्यात शेवटी. दम्याचा रोगी दगावला आणि सर्टिफिकेटवर ‘श्वास थांबल्याने मृत्यू’ लिहिलं, त्यातली गत.

शॉक लागून माणूस गेल्याची बातमी पावसाळ्यात येतेच. तिथे ‘एमसीबी असूनही’ असं आश्चर्याने लिहिलेलं मी वाचलंय. एमसीबी वायरीला वाचवते, माणसाला नाही. ती १६ अँपिअरची असेल तर १६ च्या आत तिला सगळं आलबेल, आणि माणसाचं हृदय बंद पडायला एका अँपिअरचा दहावा भागसुद्धा पुरतो. माणसासाठी असते ती ईएलसीबी, हल्ली आरसीसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, याचा हिशेब ती ठेवते. घरगुती वापराची साधारणपणे ३० मिलिअँपिअरची असते, म्हणजे ०.०३ अँपिअरची तूट दिसली की सप्लाय तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं आणि घरातली वीज गेली पाहिजे. आमच्या बिल्डिंगमध्ये विचारून पाहिलं, तर बहुतेकांना ते बटण कशाचं हेच माहीत नव्हतं. एकाने तर ‘पावसात सारखी पडते’ म्हणून वायरमनकरवी ती बायपास करून घेतली होती. पडते म्हणजे कुठेतरी करंट झिरपतोय, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब का, हेही कोणी सांगत नाही. प्लग घालताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं, म्हणून. ती पिन कापून टू-पिनमध्ये घुसवणारे महाभाग मी बरेच पाहिले. मराठीत तिला ‘अर्थ’ म्हणतात आणि लोक नेमका तोच कापतात.

तुमच्या बातम्यांत दुसरा घोटाळा मेगावॉटचा. ‘प्रकल्पातून दररोज पाच मेगावॉट वीज मिळणार.’ दररोज म्हणजे काय? वॉट ही नळाची धार आहे, युनिट म्हणजे भरलेलं पिंप. चाळीत राहिलेल्याला हे समजवावं लागत नाही. धार केवढी आणि नळ किती वेळ चालला, यावर पिंप किती भरलं ते ठरतं. १००० वॉट तासभर चाललं की एक युनिट. बिल पिंपाचं येतं. रिमोटने बंद केलेला सेटटॉप बॉक्स आतल्या आत १० वॉट खात बसला, तर महिन्याला सात युनिट झाले. घरचा टीव्ही आता रिमोटने नाही, स्विचने बंद होतो. त्यावरून रोज बोलणी खातो तो भाग वेगळा.

एसीच्या ‘दीड टना’चं वजनाशी नातं आहे, पण बर्फाच्या. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून बाहेर फेकण्याची ताकद म्हणजे एक टन. आणि इन्व्हर्टर एसी लाइट गेल्यावर चालत नाही! त्यातला इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करतो, बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी त्याची गल्लत करू नये. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी त्या समजुतीवर वरचे पैसे मोजले आणि पहिल्या लोडशेडिंगला गावच्या घरी घाम पुसत बसले.

शब्द इंग्रजी आहेत ही माझी तक्रार नाही. नातवाच्या पुस्तकात ‘विभवांतर’ आहे. तो परीक्षेत लिहितो आणि घरी व्होल्टेज म्हणतो, ठीक आहे. आम्ही तर अख्ख्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणायचो, आत सहा-सात ट्रान्झिस्टर असताना. त्याने कोणाचं घर जळलं नाही. शॉर्टसर्किटचं तसं नाही. तो शब्द छापला की ‘नशीब’ म्हटल्यासारखं होतं, पुढे कोणी काही विचारत नाही. ढिला स्क्रू, बारीक वायर, फ्यूजमधली जाड तार ही कोणाच्या तरी हातची कामं आहेत.

तेव्हा विनंती एवढीच. मोठ्या आगीनंतर विद्युत निरीक्षक तपासणी करतात, त्यांचा अहवाल येतो. अंदाज तुम्ही दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापता, अहवाल मात्र मी तरी कधी वाचला नाही. तो आतल्या पानावर, चार ओळींत का होईना, छापा. आणि बातमीदाराला जागेवर तीन प्रश्न विचारायला सांगा : कुठली वायर, किती अँपिअरची एमसीबी, ईएलसीबी होती का.

कळावे,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक,
लालबाग, मुंबई

ता.क. : ते ओघळलेलं सॉकेट मी फेकलेलं नाही. टीव्हीखालच्या खणात ठेवलंय. तुमच्या बातमीदाराला बघायचं असेल तर जरूर पाठवा, फक्त सकाळी नको. सकाळी गिझरच्या वेळी मी सॉकेटला हात लावून बघत असतो.